यंदाच्या गणपतीत मंडळाची एक जादा सभा घ्या

मुंबईकर मंडळींनो, गणपतीची तिकिटं एव्हाना काढून झाली असतील. कोणी कोकणकन्येने येईल, कोणी लाल डब्याने, कोणी चौघांत मिळून गाडी करील. गावात पोचलात की आरत्या, जाखडी, गौरीचं जेवण, आणि मधल्या एखाद्या दुपारी देवळात मंडळाची सभा. जीर्णोद्धाराचा हिशोब, कमानीचा खर्च, पुढच्या वर्षीची वर्गणी. ही सभा संपली की सतरंजी गुंडाळू नका. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्या, अशी कळकळीची विनंती आहे. विषय असा: वाडीत मागे राहिलेली म्हातारी माणसं, आणि रोज त्यांच्या घरी जाऊन हाताखाली मदत करणारं एक पगारी माणूस.

एवढी घाई कशासाठी, असं कोणी विचारील. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत 2001 साली सुमारे 16 लाख 97 हजार माणसं होती, दहा वर्षांनी 16 लाख 15 हजार राहिली. गेली ती कमावती. त्यांनी मागे ठेवलेले आईवडील तेव्हा साठीचे होते, चालते-फिरते होते, गुरं सांभाळत होते. ते आता पंचाहत्तरी ओलांडून गेले. तेव्हा जे निभावलं ते आता निभावत नाही, आणि गणपती सोडला तर वाडीतली सगळी घरं एका जागी बसतात ती थेट शिमग्याला. मधले महिने सर्वांत अवघड.

अवघड म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्याला विचारा. बहुतेकांना मोठं दुखणं नसतंच. जमत नाही ती लहान कामं. न्हाणीत पाणी तापवून बादली उचलणं. चुलीसाठी लाकडं आत आणणं किंवा संपलेला सिलिंडर बदलणं. दृष्टी अधू झालेल्या माणसाने सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या ओळखणं. साखरेच्या रुग्णाने स्वतःचा तळपाय वाकून पाहणं. पावसात खळ्यावर आणि पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ते घासून काढायला कोणी नसतं, आणि रात्री वीज गेलेली असताना परसातल्या संडासाकडे तर जायचंच असतं. एक पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे: साकवापलीकडे थांबलेली 108 ची गाडी, तिथपर्यंत खुर्चीत घालून उचलून न्यायला चार माणसं शोधणं, तालुक्याहून कोल्हापूर किंवा मुंबई, ऑपरेशन, आणि नंतर मुलाच्या डोंबिवलीच्या खोलीतली कॉट. घराला कुलूप लागतं. पहिल्या पावसात माकडांनी फोडलेले नळे गळतात, दुसऱ्यात वासे कुजतात.

म्हाताऱ्यांना मुंबईला न्या, हा सल्ला नेहमी मिळतो. नेऊन पाहिलेले अनेक जण आहेत. दिवसभर बंद दार, लिफ्टची भीती, बोलायला माणूस नाही, आणि दोन महिन्यांत “मला गावी सोड” हा धोशा. हा हट्ट नाही. आपल्या पडवीत, आपल्या वेळेला चहा करून पिणं, ही त्या वयात उरलेली मोठी मोकळीक आहे. ती टिकवायला फार लागत नाही. दिवसातून तासभर भरवशाचं माणूस पुरतं.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणार नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. कार्ड काढलं नसेल तर गणपतीत मोबाइल घेऊन बसा आणि काढून द्या. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर काठी, वॉकर, चष्मा, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये. आई-वडिलांना टाकणाऱ्या मुलांसाठी 2007 चा कायदा आहे, अर्ज प्रांतांकडे करता येतो. पण हे सगळं पडल्यानंतरचं, नाहीतर भांडल्यानंतरचं. पडू नये म्हणून रोज घरी येणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच योजनेत नाही. (2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्या मतदाराने अर्ज केला की मतपत्रिका, कर्मचारी आणि पोलीस त्याच्या घरी पोचत होते. म्हणजे पाखाडी चढून यायचं ठरवलं की येता येतं.)

आणि वाडीत आज जी मदत होते ती कोण करतं? शेजारची सून. तिचं स्वतःचं घर, भात, पोरं, बचतगट सांभाळून ती तुमच्या आईला भाकरी देऊन येते, कारण तिला बघवत नाही. किंवा आशाताई, जिच्या कामाच्या यादीत हे कुठेच नाही. तुम्ही गणपतीला येताना तिच्यासाठी साडी आणता, ते चांगलंच. पण ती कायमची फुकट राबेल, असं धरून चालणं हा आपला सोयीस्कर आंधळेपणा आहे. तीही पन्नाशीला आली, आणि तिची मुलं पुण्याला गेली.

म्हणून मागणं असं की प्रत्येक वाडीने, लहान असेल तर दोन वाड्यांनी मिळून, एक बाई किंवा पुरुष पगारावर नेमावा. हिशोब अवघड नाही. सहा घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत असं धरा. घरामागे महिन्याला 2,000 रुपये काढले तर 12,000 होतात. मुंबईत बारा तासांची बाई ठेवायला ब्यूरोवाले काय घेतात ते ज्यांनी दिलंय त्यांनी आठवावं. सहापैकी एका घराला मूलबाळ नसेल, किंवा मुलगा स्वतःच बेकार असेल, तर त्या घराचा वाटा मंडळाने उचलायचा. हे नवं नाही. आपले आजे-पणजे गिरणीत लागले तेव्हा गिरगाव-लालबागात गावकीच्या खोल्या होत्या, दरमहा वर्गणी होती, नव्याने आलेल्या पोराला तिथे पथारी टाकायला जागा मिळत होती. गावाने मुंबईत तरण्यांना सांभाळलं त्या पद्धतीने मुंबईने गावात म्हाताऱ्यांना सांभाळावं, एवढंच.

केरळात हे आपल्याहून मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. कोझिकोडच्या डॉक्टरांनी 1993 मध्ये वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी लहान लहान वर्गण्या काढून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी पथकं उभी केली, आणि 2008 मध्ये राज्य सरकारने तसं धोरण केलं. आधी गावकरी, मग सरकार, हा क्रम लक्षात घ्या.

नेमणुकीबाबत काही गोष्टी स्पष्ट बोललेल्या बऱ्या. हे पुण्यकर्म नव्हे, नोकरी आहे. आठवड्याची सुट्टी, सणाची रजा, कामाचे तास कागदावर. तिने भांडी घासायची की नाही, शेत कापायला यायचं की नाही, हे आधी ठरवा, नाहीतर महिन्याभरात तुमची आई तिला अर्धलीचा गडी समजू लागेल. दुसरं, तिच्या हातचं पाणी चालेल का, ही कुजबुज आपल्या वाड्यांमध्ये अजून होते. ती सभेतच उघड्यावर आणा आणि तिथेच मिटवा. काम नीट करणारी बाई केवळ जातीमुळे नाकारायची असेल तर हा खटाटोप करूच नका. तिसरं, तिला शिकवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मंडळाने लेखी विनंती केली तर दोन-तीन दिवसांत बरंच होतं: दंडाला न ओढता माणसाला कसं उठवायचं, रक्तदाबाचं यंत्र कसं लावायचं, पाठीवरचा लाल डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात कशी ओळखायची, कशाला 108 ला फोन करायचा आणि कशाला नाही.

सगळ्यांचं याने भागणार नाही. ज्याला स्वतःचं दार ओळखता येत नाही, जो रात्री उठून पऱ्याकडे चालू लागतो, त्याला तासाभराची बाई पुरत नाही. तिथे चोवीस तासांचं माणूस, मुलाचं घर किंवा चांगला वृद्धाश्रम, यातलं काहीतरी करावंच लागेल, आणि त्यात लाज नाही.

गावी याल तेव्हा पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरात एवढं करा: न्हाणीत आणि संडासात भिंतीला दांडा ठोका, पायऱ्यांना कठडा करा, वीज गेल्यावर आपोआप लागणारे दिवे बसवा, खळ्यातलं शेवाळ खरवडा. भिंतीवर मोठ्या अक्षरात 108, 112 आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 लिहा. 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. मुंबईतल्या मुलाचा नंबर त्याखाली.

मग सभा. तिला म्हाताऱ्यांनाच आधी बोलवा, त्यांच्यावर निर्णय लादू नका. कोणाला कोण घरात आलेलं चालेल, किती वाजता आलेलं चालेल, हे त्यांनी सांगायचं. गावातला एक आणि मुंबईतला एक असे दोघे जबाबदार धरा. खातं मंडळाच्या मुख्य खात्यापासून वेगळं ठेवा, म्हणजे कमानीला पैसे कमी पडले की कोणी इकडे हात घालणार नाही. आणि तीन महिन्यांचा पगार खात्यात जमा होईपर्यंत गावातल्या कुठल्याही बाईला शब्द देऊ नका.