रजोनिवृत्तीचे वय : तिची जीवनशैली आणि आपला वाटा

स्त्रीच्या आयुष्यात पाळी सुरू होणे हा जसा निसर्गक्रम आहे, तसाच ती थांबणे हाही निसर्गक्रमच आहे. पहिल्या घटनेची घरात दखल घेतली जाते. दुसरी मात्र मुकाट्याने येते आणि मुकाट्यानेच सोसली जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते सुमारे ४६ ते ४७ आढळते. मधली ही चार-पाच वर्षे कोठे जातात, हा प्रश्न पांढुर्णा-सौसर परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःला विचारावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अंडाशयातील बीजांचा साठा स्त्री जन्मतःच घेऊन येते आणि तो पुढे कमीच होत जातो. तो केव्हा संपेल हे बव्हंशी आनुवंशिकता ठरविते. म्हणूनच "तुमच्या आईची पाळी कोणत्या वर्षी गेली?" हा साधा प्रश्न अनेक तपासण्यांपेक्षा अधिक सांगून जातो. उरलेला भाग राहणीमानाचा. त्यात सर्वांत भक्कम पुरावा धूम्रपानाविरुद्ध आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत रजोनिवृत्ती साधारणतः एक ते दोन वर्षे आधी येते, कारण धुरातील विषारी हायड्रोकार्बन बीजपुटिकांचा नाश करतात.

आमच्याकडच्या स्त्रिया विडी-सिगारेट ओढत नाहीत, असे म्हणून येथे समाधान मानण्याचे कारण नाही. शेतमजूर स्त्रीच्या कनवटीला तंबाखूची पुडी असते, कोणाला खर्ऱ्याची सवय असते, कोणी सकाळी गुडाखू लावते. चघळण्याच्या तंबाखूविषयीचा पुरावा धूम्रपानाइतका विपुल नाही. पण तोंडाच्या कर्करोगाचे कारण ती सोडविण्यास पुरेसे आहे. चुलीच्या धुरात तेच हायड्रोकार्बन असतात, आणि तो धूर तर ओढण्याची इच्छा नसतानाही ओढला जातो. त्यात कृश शरीराची भर पडते. वजन फार कमी असलेल्या स्त्रियांत पाळी लवकर जाण्याची शक्यता अधिक असते. घरात सर्वांच्या शेवटी जेवून पहाटे कापूस वेचायला वा संत्र्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईला "जीवनशैली सुधारा" असा उपदेश करणे सोपे आहे; परंतु ती शैली तिने निवडलेली नाही, तिच्या वाट्याला आलेली आहे.

येथवरचा विचार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. पाळी वर्ष-दोन वर्षे अलीकडे आणणाऱ्या सवयींविषयी आपण रुग्णाला विचारतो. पण पाळी एका दिवसात दहा-पंधरा वर्षे अलीकडे आणणारे कारण तिच्या घरात नसून शस्त्रक्रियागृहात असते. गर्भाशय काढल्यावर पाळी त्याच दिवशी संपते. सोबत दोन्ही अंडाशये काढली तर संप्रेरकांचा पुरवठा एका रात्रीत तुटतो. आणि ती राखली तरी पुढे त्यांचे कार्य इतर स्त्रियांच्या तुलनेत लवकर मंदावते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे तिघींचे गर्भाशय काढलेले होते. शस्त्रक्रियेचे मध्यगत वय चौतिशीच्या आसपास होते आणि सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.

बीड आपल्यापासून दूर आहे. पण बीडमधील कारणे दूर नाहीत. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते, कामाच्या जागी शौचालय नसते, अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, आणि "एकदाची पिशवी काढून टाका" असे कित्येकदा बाईच म्हणते. त्यावर "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" हे वाक्य कोणी उच्चारले की निर्णय झालाच म्हणायचा. मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, कर्करोग, कशालाही न जुमानणारा रक्तस्राव, अशा स्थितीत ही शस्त्रक्रिया जीवनदायी आहे, याबद्दल दुमत नाही. पुन्हा तपासणीस येण्याची शाश्वती नसलेल्या रुग्णाबाबत ग्रामीण डॉक्टरची अडचणही खरी आहे. परंतु पांढरे पाणी हा जंतुसंसर्गाचा वा निव्वळ प्राकृत स्रावाचा भाग असू शकतो. अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरकयुक्त तांबी आहे. आणि कर्करोगाची शंका असेल तर तिचे उत्तर तपासणीने द्यावयाचे असते, भीतीने नव्हे.

आपल्या भागाची एक अडचण निराळीच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपले मराठी तालुके मध्य प्रदेशात राहिले. कागदपत्रे एका राज्याची आणि उपचारांची वाट नागपूरची, ही आपली जुनी रीत. शस्त्रक्रिया तिकडे होते, रुग्ण इकडे परतते आणि तिची नोंद दोन राज्यांच्या मध्ये हरवते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या तत्त्वांत जिल्हास्तरीय देखरेख समितीची तरतूद आहे. त्याच वर्षी पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. नव्या जिल्ह्यात ही समिती केवळ कागदावर राहू नये, यासाठी आपल्या संघटनेने पुढाकार घ्यावा.

माझ्या सूचना मोजक्याच आहेत. चाळिशीच्या आतील कोणत्याही स्त्रीला ही शस्त्रक्रिया सुचविताना आपणहून दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. नागपूरला पाठविताना चिठ्ठीवर आधी केलेले उपचार लिहावेत आणि परतल्यावर अंडाशये राखली की काढली, हे विचारून नोंदवावे. पंचेचाळिशीपूर्वी अंडाशयांचे कार्य थांबलेल्या स्त्रीला तशीच सोडू नये. तिची हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. २००२ मधील अमेरिकन अभ्यासाने संप्रेरकांविषयी जी भीती निर्माण केली, त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. तो निष्कर्ष अडतिशीच्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. विरोधी कारण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके, जोडीला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम, हा तिचा हक्क आहे.

खर्रा सोडण्याचा सल्ला आपण अवश्य देऊ, कृश स्त्रीच्या ताटात काय पडते तेही विचारू. परंतु ज्या स्त्रीची पाळी छत्तिसाव्या वर्षी गेली, तिच्या केसपेपरवर केवळ "लवकर रजोनिवृत्ती" एवढेच लिहून थांबू नये. ती निसर्गाने आली की आपल्यापैकी कोणाच्या सल्ल्याने, हेही त्याच ओळीत लिहिले जावे. ज्याची नोंद होते, त्याचाच कधीतरी हिशेब मागता येतो.