भीमेच्या माहेरी एक दिवस

मे महिना म्हणजे आपल्या माहेरपणाचा महिना. पण मैत्रिणींनो, जिचे पाणी आपण सोलापूरकर पितो, त्या भीमेचे माहेर किती जणींनी पाहिले आहे? सुट्टीत पुण्याकडे जाणे झाले, तर एक दिवस काढून भीमाशंकरचा डोंगर पायी चढा.

पुण्याहून आगगाडीने कर्जत, तिथून खांडस गाव. आदल्या रात्री कर्जतला मुक्काम केलेला बरा, कारण उजाडताच चढायला लागले पाहिजे. खांडसहून दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा पण अवघड. मुले बरोबर असली तर गणेश घाटच धरा. चार-पाच तास सहज लागतात. मधल्या पठारावर ऊन रणरणते आणि ओढे कोरडे असतात, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घ्याच. साडीऐवजी सुती सलवार-कमीज, पायांत बूट. शिदोरीला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी! उन्हात विटत नाही. मीठ-साखरेची पुडी आणि लिंबे विसरू नका.

पठार संपून वरच्या रानात शिरलो की जीव निवतो. भर उन्हाळ्यात जांभळी, हिरडे हिरवेगार! मुलांना मान वर करून बघायला सांगा. नशीब असेल तर झुबकेदार शेपटीचे तांबूस शेकरू दिसेल. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ पासून हे रान अभयारण्य आहे.

या रानाचे आपल्याला काय? उघड्या फरशीवर बादली ओतली तर पाणी लगेच मोरीत जाते. गोणपाटावर ओतली तर हळूहळू झिरपते. झाडांखालचा पालापाचोळा हे डोंगराचे गोणपाटच. इथे उगम पावलेल्या भीमेला वाटेत भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा मिळतात, मग ती उजनीच्या धरणात येते. पंढरपूरची चंद्रभागा तीच आणि आपल्या नळाला येणारे उजनीचे पाणीही तिचेच. नळाची वाट पाहत हंडे-कळशा मांडून बसणाऱ्या आपण. हे रान राहावे असे आपल्यालाच आधी वाटायला हवे.

म्हणून रानात चूल पेटवू नका, फांद्या तोडू नका, प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. करवंदे स्वतः ओरबाडण्यापेक्षा गावातल्या बायका विकायला बसल्या असतील तर त्यांच्याकडून घ्या, त्यांनाही चार पैसे मिळतील. उतरताना पुन्हा पायपीट नको, वरून एस.टी.ने पुण्याला यावे. शेवटची गाडी कितीची, ते मात्र आधीच विचारून ठेवा बरं का!