विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवायचा तर

शिक्षणविषयक सरकारी कागदपत्रांत ‘बालकेंद्री’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. मूल हे ज्ञान ओतण्याचे रिकामे भांडे नसून स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचणारे आहे, ही भूमिका २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २९ मध्ये कृती आणि शोध यांतून, भयमुक्त वातावरणात व शक्यतो मातृभाषेतून शिकण्याचा पुरस्कार केला. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर झाला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा जड शब्द खेडोपाडीच्या शाळांत पोचला. भिंती रंगल्या, फरशांवर अंकांचे तक्ते उमटले. या उत्साहात खोटे असे काही नव्हते. अनेक शिक्षकांनी पदरमोड करून साहित्य जमविले. परंतु रंगलेल्या फरशीवर बसलेले मूल केंद्रस्थानी आले आहे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ही पद्धत म्हणजे काय हे वजाबाकीच्या एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. बावन्नातून सत्तावीस वजा करताना पुष्कळ मुले उत्तर पस्तीस लिहितात. जुन्या रीतीचा शिक्षक फुली मारतो, ‘हातचा विसरलास’ म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः ते मूल काही विसरलेले नसते. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केलेले असतात. म्हणजे त्याने एक नियम केला आहे, तो चुकीचा आहे इतकेच. ‘हे कसे केलेस?’ असे विचारल्याशिवाय तो नियम शिक्षकाला कळत नाही. कळल्यावर दहादहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हाती द्याव्या लागतात. सात काड्या काढण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो, हे मुलाच्या हातांना प्रथम उमगते आणि मग हातचा हा मंत्र न राहता व्यवहार बनतो. पाढे पाठ करण्याला यात विरोध नाही. समजलेले पाठ करावे, एवढाच आग्रह आहे.

मात्र या एका प्रश्नोत्तराला पाच मिनिटे लागतात. तीस मुलांना ती द्यायची तर अडीच तास होतात. कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. आणि त्यांत सर्व विषय आले. विद्यार्थीकेंद्री वर्गाची खरी सामग्री रंग नव्हे, काड्याही नव्हेत. ती शिक्षकाचा वेळ ही आहे. अर्थात कुशल शिक्षक गट पाडतो, तिसरीच्या मुलीला दुसरीच्या मुलाशेजारी बसवितो, एका गटाला स्वतंत्र काम देऊन दुसऱ्याशी बोलतो. हे सर्व शक्य आहे. पण त्यासाठी शिक्षक वर्गात असावा लागतो.

आणि नेमके येथेच सरकारची कथनी आणि करणी यांची फारकत होते. कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, म्हणजे प्रत्येकाकडे दोन-तीन वर्ग आलेच. त्यांपैकी एक जण सभेला, मतदारयादीच्या कामाला किंवा माहिती भरण्याला गेला की उरलेला एकटा पाचही इयत्ता सांभाळतो. कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. पण अपवादांच्या फटीतून आणि दररोजच्या अहवालांतून त्याचा दिवस झिजतच असतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे हेच झाले. मुलाकडे निरखून पाहण्याचे ते साधन होते. वेळेच्या अभावी त्याच्या तयार नोंदी उतरवून काढण्याचा रिवाज पडला. मग मूल्यमापन निष्फळ ठरल्याचे सांगून २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेण्यात आला आणि २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणून नापासाचा शिक्का पुन्हा हाती घेतला. व्यवस्थेच्या उणिवेची शिक्षा मुलाने भोगावी, हा न्याय अजब आहे.

शिक्षकवर्गात कामचुकार नाहीत, असा दावा कोणी करणार नाही. परंतु कामचुकारास जाब विचारणे आणि प्रामाणिक शिक्षकाला त्याच्या वर्गापासून दूर ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मूल केंद्रस्थानी ठेवण्याचा धडा महाराष्ट्राला परदेशातून आणण्याची गरज नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने ते कार्य आदिवासी मुलांपर्यंत नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळा कुरणात गेली. मूल का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात न शोधता त्याच्या घरच्या दारिद्र्यात आणि श्रमात शोधले. केंद्रस्थान बदलणे ते हे!

आज दिशा उलटी झाली आहे. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये मागविले. अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक सांगण्यात आली. मोठ्या शाळेत मैदान, ग्रंथालय आणि सवंगडी मिळतील, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु ओढा-डोंगर ओलांडून लहान मुलाने, विशेषतः मुलीने, रोज तेथवर जावे ही अपेक्षा कोणाला केंद्रस्थानी ठेवते? अठरा मुलांची शाळा ही खरे तर प्रत्येकाला ‘कसे केलेस?’ असे विचारता येईल अशी जागा आहे. पाड्यावरच्या मुलाची घरची बोली वारली, भिली किंवा कोरकू असते. त्याला तर पुस्तकी मराठीदेखील प्रथम शिकावी लागते. त्याच्याजवळची शाळा हिरावून घेऊन ‘बालकेंद्री’ शब्दाचा जप करणे हा दंभ होय.

सधन घरचे मूल शाळेत न समजलेले शिकवणीत किंवा आईवडिलांकडून समजून घेते. शेतमजुराच्या मुलाला वर्गाबाहेर विचारायला कोणी नाही. म्हणून या पद्धतीची निकड सर्वांत अधिक त्यालाच आहे, आणि तिच्यासाठी लागणारा शिक्षकाचा वेळ त्यालाच सर्वांत कमी मिळतो. शिक्षणातील विषमता आज वर्गाच्या आत, अशा रीतीने शिरली आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. शिक्षकसंख्या केवळ पटावर नव्हे, तर इयत्तांच्या संख्येवर ठरवावी. कलम २७ चे पालन काटेकोर व्हावे आणि अहवालांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावा. बोलीभाषा जाणणारे शिक्षक त्या त्या पाड्यावर द्यावेत आणि चालू शाळा पटाचे निमित्त करून बंद करू नयेत. याला पैसा लागेल. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला देण्याची शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती. २०२० च्या राष्ट्रीय धोरणालाही तीच पुन्हा करावी लागली. शिफारशींची पुनरावृत्ती पुरे झाली. बावन्नातून सत्तावीस गेल्यावर पस्तीस का उरले, हे मुलाला विचारण्याइतकी उसंत शिक्षकाला मिळवून देणे, हे सरकारचे कर्तव्य आहे.