राजकारण कशाला म्हणावे?

मजुरीचा दर वाढवून मागितला की यंत्रमागाचा मालक म्हणतो, ‘यात राजकारण आणू नका.’ तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन वस्तीतील माणसे गेली की अधिकारीही तेच ऐकवितो. निवडणुकीत पडलेला उमेदवार ‘राजकारण झाले’ म्हणून हळहळतो. या गोंधळास केवळ भाषेचा सैलपणा समजणे चूक ठरेल. एखादा प्रश्न राजकीय आहे की नाही हे ठरविणे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्या प्रश्नाचा निर्णयही जातो.

भिवंडी हे अनेक भाषांचे गाव. मराठीतील ‘राजकारण’ म्हणजे मुळात राज्याचे कार्य. डावपेच हा त्याचा अर्थही जुनाच. रामदासांच्या ‘दासबोधा’त ‘राजकारण निरूपण’ नावाचा समासच आहे. उर्दू बोलणारा विणकर ‘सियासत’ म्हणतो. हा अरबी शब्द आणि घोडा सांभाळणारा ‘सईस’ ही एकाच धातूची रूपे होत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराच्या तेलुगूत ‘राजकीयालु’. तिन्ही शब्दांत राजा आहे, लगाम आहे. रयत कोठेच नाही. ग्रीकांनी मात्र हा शब्द नगरावरून घडविला. त्यांच्या नगरकारभारात स्त्रियांना व गुलामांना स्थान नव्हते हे खरे. तरीही राजकारण म्हणजे नगराचे सामाईक काम, हा अर्थ तेथून आला. कोणाला काय, केव्हा आणि कसे मिळते याचा शोध म्हणजे राजकारणाचा अभ्यास, अशी मांडणी अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्वेल यांनी १९३६ साली केली. कपट, निवडणूक आणि सामाईक काम असे हे तीन अर्थ. यांतील तिसरा अर्थ विसरला की काय होते, हे भिवंडीने भोगले आहे.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी या गावात दंगल पेटली. जळगाव व महाड येथेही हिंसाचार झाला. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने, जातीय संघटनांच्या कारवायांनी तणाव कसा वाढत गेला, याची तपशिलवार नोंद केली. तरीही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. एकाच सुतावर पोट असणारी माणसे शत्रू म्हणून समोरासमोर उभी करण्यात आली. ते राजकारणच होते. पण पहिल्या अर्थाचे.

१९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. पुढाऱ्यांपेक्षा सामान्य रहिवाशांवर त्यांचा भर होता. दोन्ही धर्मांची माणसे नियमितपणे एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या प्रयोगाची स्तुती करताना ‘राजकारण दूर ठेवले म्हणून तो यशस्वी झाला’ असे सांगितले जाते. खरे तर उलट आहे. शेजाऱ्यांनी एकत्र बसून गावाचा प्रश्न सोडविणे, हेच अस्सल राजकारण. ते पक्षांनी केले नाही, म्हणून एका पोलीस अधिकाऱ्याला करावे लागले. याचे कौतुक जरूर करावे. पण पक्षकार्यकर्त्यांना त्याची थोडी लाजही वाटली पाहिजे. अधिकाऱ्याची बदली होते. वस्ती तेथेच राहते. २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच गावात पुन्हा रक्त सांडले, हे विसरता येणार नाही.

समित्यांनी शांतता राखली. मजुरीचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापड-उत्पादन मोठ्या प्रमाणावर यंत्रमागाकडे वळले. येथे बहुधा सूत व्यापाऱ्याचे, माग मालकाचा आणि हात कामगाराचे. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी, ही रूढी. कारखाना कायदा टाळण्यासाठी एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर दाखविले जातात. हा म्हणे ‘धंद्याचा व्यवहार’. २००७ साली गावाचा वीजपुरवठा फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे गेला. तो म्हणे ‘व्यवस्थापनाचा निर्णय’. विजेच्या दरातील सवलत मात्र यंत्रमागधारकांना सरकारी तिजोरीतून मिळते आणि तिची घोषणा मंत्री करतात. मालकाने सवलत मागितली तर ते धोरण आणि कामगाराने भाववाढीप्रमाणे मजुरी मागितली तर ते राजकारण, असा हा हिशेब आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने ‘आम्ही राजकारण करीत नाही’ अशी सारवासारव करू नये. तशी कबुली देणे म्हणजे शब्दाबरोबर मैदानही सोडून देणे. मीटरचा दर, नळाचे पाणी, गटार आणि वीजबिल हेच भिवंडीचे राजकारण आहे, असे त्याने मोहल्ल्यात आणि मागाच्या शेडमध्ये ठामपणे सांगावे आणि सांगून तेथेच बसावे. जेथे मजुरीसाठी माणसे एकत्र बसत नाहीत, तेथे त्यांना मिरवणुकीसाठी वेगवेगळे उभे करणारा कोणीतरी येतोच.