विमानाची धावपट्टी आणि आपला सातबारा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा यांवर लिहावे, विमानतळाच्या भानगडीत त्याने का पडावे, असे कोणी विचारील. विचारायला हरकत नाही. पण विमान कितीही उंच उडाले तरी शेवटी ते कोणाच्या तरी खातेफोडीच्या जमिनीवर उतरते. म्हणून हा लेख.

मुंबईच्या विमानतळाचे दुखणे आपल्या लोकांना चटकन समजेल. तिथे धावपट्ट्या आहेत दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग. कारखान्याला दोन गव्हाणी बसवाव्यात आणि एक चालू केली की दुसरी बंद ठेवावी लागावी, तसला प्रकार. सन २०२४-२५ मध्ये या एका विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. ऐन हंगामात आपल्या यार्डात गाड्या नंबर लावून उभ्या राहतात, तशी तिथे विमाने वरच्या वर घिरट्या घालतात. आपला बैल निदान उभा तरी राहतो, विमानाला तीही सोय नाही. चारी बाजूंनी वस्ती चिकटलेली, वाढायला जागा नाही. तेव्हा दुसरा विमानतळ हवा होता, याबद्दल वाद नाही. तो नवी मुंबईत झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची. म्हणजे मंजुरीपासून पहिले विमान उडेपर्यंत अठरा वर्षे गेली.

आपल्याकडे दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतर लागते, हे आपणांस ठाऊक आहेच. विमानतळांनाही अशीच अट आहे. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा काढायचा असेल, तर जुन्यावर काय परिणाम होईल ते आधी तपासावे लागते व केंद्राची खास मंजुरी घ्यावी लागते. आपल्याकडे उसाची पळवापळवी होऊ नये, तिकडे प्रवाशांची. हा विचार चांगलाच आहे. पण ज्याची जमीन जाणार त्याने किती वर्षे वाट पाहायची, याची अट त्या धोरणात कुठे घातलेली नाही. माझे म्हणणे तेवढ्यावरच आहे.

याचे उदाहरण पाहायला फार लांब जायला नको. आपल्या भागातील कित्येक घरांतला एखादा मुलगा कल्याण-उल्हासनगरकडे नोकरीला असतो, आणि त्याच्याकडे जाताना विठ्ठलवाडीचे एस.टी. आगार व रेल्वे स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथून काही मैलांवर, मलंगगडाच्या रस्त्याला नेवाळी गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने नेवाळी आणि आसपासच्या गावांची सुमारे १,६०० एकर जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. युद्ध १९४५ साली संपले, धावपट्टीचे काम संपले, विमाने गेली. जमीन मात्र परत आली नाही. ती संरक्षण खात्याकडे राहिली, पुढे नौदलाचा दावा आला. शेतकरी तिथे भात पिकवीत राहिले. युद्धानंतर जमीन परत द्यायची होती, असे त्यांचे म्हणणे. जमीन आमची, असे नौदलाचे म्हणणे.

मध्यंतरी नवी मुंबईच्या जागेला पर्यावरणाच्या अडचणी आल्या, तेव्हा याच कल्याणच्या जागेचे नाव पर्याय म्हणून पुढे आले होते. तेही मागे पडले. मग २०१७ साली नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला, ऐन भाताच्या दिवसांत, गावकरी रस्त्यावर आले. गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, गावकरीही जखमी झाले. गाड्या जाळणे मला मान्य नाही, कोणालाच नसावे. पण आजोबाच्या वेळी घेतलेल्या जमिनीसाठी नातवाने पाठीवर काठी घ्यावी, इतका वेळ हा कागद कुठे पडून होता, हे कोणी विचारायचे की नाही?

दुसरी गोष्ट आपल्याच सहकाराची. सोलापूरला होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. परवानग्यांचा वाद कोर्टात गेला होता, त्यात मी पडत नाही. सोलापूरकरांना विमानसेवा हवी होती, तेही खोटे नाही, आणि ती २०२५ मध्ये सुरू झाली. परंतु त्याच सोलापूरजवळ बोरामणीला नव्या विमानतळासाठी सुमारे साडेपाचशे हेक्टर जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. थोड्या वनजमिनीपायी, माळढोक पक्ष्याच्या प्रश्नापायी, ते काम अडून बसले. बोरामणीचे वेळेत काही तरी ठरले असते, तर चिमणीचा प्रश्न इतक्या थराला गेला नसता असे मला वाटते. सभासदांच्या पैशातून उभी राहिलेली चिमणी पडली आणि शेतकऱ्यांची जमीनही गेली. याला नियोजन कसे म्हणावे?

आता पुरंदरची पाळी आहे. पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे, तिथे नागरी विमानांना मर्यादा आहेत. म्हणून २०१६ पासून पुरंदरच्या सात गावांचे नाव घेतले जाते. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी सुरू झाली तेव्हा तिथे संघर्ष झाला. पुढे बऱ्याच खातेदारांनी संमती दिली. ज्यांनी दिली त्यांना मी नावे ठेवणार नाही. नऊ-दहा वर्षे टांगत्या तलवारीखाली विहीर खोदता येत नाही, ठिबक बसवता येत नाही, मुलीच्या लग्नाला तुकडाही विकता येत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना पडली, तर ती मूळ मालकाला वा वारसांना परत जावी, किंवा शासनाच्या भूमी बँकेत जावी. त्यातला "किंवा" नीट वाचा. सगळी पळवाट त्या एका शब्दात आहे. शिवाय पुरंदरची प्रक्रिया १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली चालली आहे, तो कायदा वेगळा. तेव्हा नोटीस आली की दराआधी कायद्याचे नाव वाचावे. नवी मुंबईच्या शेतकऱ्यांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मिळाला तो कोणाच्या उदारपणाने नव्हे. दि. बा. पाटील यांच्या पाठीमागे लोक उभे राहिले आणि १९८४ साली उरणकडे गोळीबारात पाच जणांचे बळी गेले, तेव्हा मिळाला.

माझी सूचना साधी आहे. विमानतळासाठी जमीन घेताना प्रयोजन आणि अखेरचे वर्ष, दोन्ही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहावे. त्या वर्षापर्यंत काम झाले नाही, तर जमीन मालकाला परत, भूमी बँकेला नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या अर्थाचा ठराव कोणी मांडला, तर चर्चा व्हावी. ज्यांना कोणत्याही प्रकल्पाच्या मोजणीची नोटीस आली असेल, त्यांनी तिची नक्कल आपल्या गट ऑफिसात आणावी. सही करण्याच्या आधी आणावी, नंतर नव्हे.