काय काय येतं तुला?

अप्रेझलचा महिना आला की आपण सगळेच अचानक भयंकर कामसू होतो. कबूल करा! अकरा महिने ज्या फोल्डरकडे ढुंकून पाहिलं नाही, ते उघडलं जातं, बॉसच्या मेलला पाच मिनिटांत रिप्लाय जातो, आणि कँटीनमधला चहा टेबलवर मागवला जातो. मीही त्यातलीच. या वर्षी सेल्फ-अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला मला काहीतरी दणदणीत हवं होतं. 'जुन्या सॉफ्टवेअरची साफसफाई' हे वाक्य तर मनात तयारच होतं. फक्त साफ करायला काहीतरी सापडायला हवं होतं.

सापडलं. पुण्यात बसून आम्ही ज्या क्लायंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यांची भिवंडीजवळ गोदामं आहेत. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, कुठल्या ट्रकमध्ये किती खोकी चढवायची, हे सांगणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला आहे आणि वयाने माझ्याहून मोठा आहे. त्यात एका फाइलमध्ये टीगेटएन्ट, टीगेटनम, टीगेटफ्लॅग, टीगेटस्ट्र अशा नावांची फंक्शन्स भेटली. नावं अशी, की मोठ्याने वाचली तर शेजारचा म्हणेल, शिंक आली का? काम मात्र साधं. टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या स्क्रीनला काय काय येतं, याची चौकशी करायची. तुझ्यावर ओळी किती मावतात? एका ओळीत अक्षरं किती? स्क्रीन पुसायचा असेल तर तुला कुठल्या भाषेत सांगायचं?

मी म्हटलं, आजकाल एवढं कोण विचारत बसतं? सगळ्यांच्या लॅपटॉपवर तीच ती विंडो, ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच. वर त्या कोडमध्ये अरुंद स्क्रीनसाठी एक वेगळी मांडणी होती, जी आमच्या एकाही टेस्टमध्ये कधी चाललेली नव्हती. डेड कोड! टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "अरुंद स्क्रीनवालं कुणी वापरतं का? काढतेय." दोन दिवस वाट पाहिली. कुणी हूं की चूं केलं नाही. मग काय, डिलीट. चौकशी बंद, ८० आणि २४ हे आकडे थेट कोडमध्ये लिहून मोकळी झाले. सगळ्या टेस्ट हिरव्यागार. शुक्रवारी संध्याकाळी स्वतःलाच एक कोल्ड कॉफी पाजली.

हा कोड एवढ्या चौकश्या का करत होता, हे मी तेव्हा वाचलंच नाही. नंतर वाचलं. गोष्ट भारी आहे, म्हणून तुम्हालाही सांगते.

१९७० च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे एक मोठं धूड आणि त्याला वायरीने जोडलेली अनेक टर्मिनल्स. टर्मिनल बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. एकाला 'स्क्रीन पूस' सांगायला जी खूण लागायची, ती दुसऱ्याच्या लेखी निव्वळ कचरा. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी तेव्हा 'व्हीआय' हा एडिटर लिहीत होता. त्याच्यासमोर लियर सीग्लर कंपनीचं एडीएम-३ए हे टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या चार बटणांवरच बाण छापलेले. 'व्हीआय'मध्ये आजही कर्सर हलवायला हीच चार अक्षरं चालतात, ती त्यामुळे. टर्मिनल गेलं, सवय राहिली.

पण एडिटर एकाच टर्मिनलवर चालून कसं भागणार? दर टर्मिनलसाठी प्रोग्रॅम नव्याने लिहायचा? १९७८ मध्ये जॉयने यावर तोडगा काढला, 'टर्मकॅप'. टर्मिनल आणि कॅपॅबिलिटी, या दोन शब्दांची सांगड. एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात प्रत्येक टर्मिनलची एक नोंद, आणि नोंदीत दोन-दोन अक्षरी खुणा. सीओ म्हणजे ओळीत किती अक्षरं, एलआय म्हणजे किती ओळी, सीएल म्हणजे स्क्रीन कसा पुसायचा. प्रोग्रॅमने आधी टीगेटएन्टला टर्मिनलचं नाव सांगून नोंद शोधायची. मग आकडा हवा असेल तर टीगेटनम, हो की नाही एवढंच हवं असेल तर टीगेटफ्लॅग, आणि खुणेची अक्षरं हवी असतील तर टीगेटस्ट्र. एवढंच. आधी विचारा, मग बोला.

ही चौकशी चैन नव्हती, गरज होती. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरांचा अख्खा स्क्रीन पुन्हा रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ! त्यामुळे टर्मिनलला कर्सर उचलून नेमक्या जागी ठेवता येतो का, हे माहीत असणं म्हणजे रात्रीची झोप मिळणं. काही यंत्रं हळू होती. डीईसी कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी १०० या गाजलेल्या टर्मिनलच्या नोंदीत लिहिलेलं असायचं, की स्क्रीन पुसायला सांगितल्यावर ५० मिलिसेकंद दम धरा. टीपुट्स नावाचं फंक्शन तेवढा दम धरायचं.

मला सगळ्यात आवडली ती दोषांची नोंद. हेझलटाइन कंपनीच्या काही टर्मिनल्सना 'टिल्ड' हे नागमोडी चिन्ह छापताच यायचं नाही. मग त्यांना यादीतून हाकललं का? छे! त्यासाठी 'एचझेड' अशी एक खूण ठेवली. आणि ज्याला फक्त अक्षरं पुढे ढकलता येतात, बाकी काही नाही, त्याचीही नोंद आहे. नाव आहे 'डंब'. नाव वाईट असेल, पण नोंद आहे ना! प्रोग्रॅम ती वाचतो आणि त्याच्याशी साध्या शब्दांत बोलतो.

पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी अॅन हॉर्टन यांनी 'टर्मइन्फो' ही सुधारलेली पद्धत आणली. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी 'एनकर्सेस' ही लायब्ररी असते आणि ती टर्मइन्फोच वापरते. पण जुन्या प्रोग्रॅमची गैरसोय नको म्हणून टीगेटएन्ट वगैरे नावं तिने तशीच चालू ठेवली आहेत. घरमालक बदलला, दारावरची पाटी तीच.

असो. आता भिवंडी.

सोमवारी रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. सपोर्टची ड्यूटी माझीच होती. पलीकडे गोदामातला रात्रपाळीचा माणूस. "मॅडम, मशीन खोकी कमी दाखवतंय."

"कमी म्हणजे?"

"रॅकवर ४८ काढायची असणार, मला ठाऊक आहे, दर सोमवारचीच ऑर्डर आहे. मशीन म्हणतंय ८. त्याच्या आधी १२० च्या जागी शून्य म्हणालं."

मी लॅपटॉप उघडला. माझ्या स्क्रीनवर ४८ लख्ख दिसत होते. मी आपल्याला सगळं कळतं या थाटात म्हटलं, "दादा, इथे तर बरोबर दिसतंय. तुम्ही जरा रिस्टार्ट करून बघता का?"

"तीनदा केलं," तो म्हणाला. "ताई, तुमचा स्क्रीन केवढा आहे?"

एका क्षणात माझ्या पोटात गोळा आला. हा प्रश्न विचारणारा कोड मीच तर काढला होता! गोदामात कुणी लॅपटॉप घेऊन फिरत नाही. तिथे हातात असतो बारकोड वाचणारा हँडहेल्ड, जो सर्व्हरशी बोलताना स्वतःला टर्मिनल म्हणवतो. त्याचा स्क्रीन २० अक्षरं रुंद. त्याच्यासाठी सर्व्हरवरच्या टर्मकॅप फाइलीत वेगळी नोंद होती, आणि अरुंद मांडणी होती ती याच २० अक्षरांसाठी. आता माझा कोड बिनधास्त सांगत होता, कर्सर साठाव्या घरात ने आणि आकडा लिही. हँडहेल्ड बिचारा आज्ञाधारक. साठावं घर नाही, म्हणून तो शेवटच्या घरात जाऊन थांबायचा. ओळ आपोआप खाली न मोडण्याची त्याची सेटिंग. मग ४ लिहायचा, आणि त्याच घरात त्याच्यावर ८. उरायचा फक्त शेवटचा आकडा.

वीस मिनिटांत जुना कोड परत चढवला. "आलं ताई, ४८ आलं," एवढं ऐकून मी झोपले. हुश्श.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सकाळी कळलं, की फोन येण्याआधी दोन ट्रक कमी मालावर सुटले होते. आणि दिवसपाळीच्या सुपरवायझरने त्याचा ठपका त्या रात्रपाळीच्या माणसावर ठेवला होता. 'मोजता येत नाही का?' असं चारचौघांत विचारून झालं होतं, महिन्याच्या इन्सेंटिव्हवर फुली मारायची तयारी चालू होती. म्हणजे ज्याने चूक पकडली, त्याच्याच नावावर चूक.

माझ्यासमोर दोन रस्ते होते. आमच्याकडच्या रिपोर्टमध्ये 'काही उपकरणांवर डिस्प्लेची तात्पुरती अडचण' असं गुळगुळीत वाक्य लिहिता आलं असतं. अप्रेझलचा आठवडा, कुणी फार खोदलंही नसतं. खरं सांगते, अर्धं वाक्य टाइप करून झालं होतं.

तेवढ्यात आमचे सिनियर माझ्या क्युबिकलशी येऊन उभे राहिले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस, अख्खी टीम त्यांना मास्तर म्हणते. स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "टीगेटफ्लॅग काय परत देतं, माहीत आहे?"

"असेल तर एक, नसेल तर शून्य."

"आणि नोंदीत त्याबद्दल काही लिहिलंच नसेल तर?"

मी गप्प. "तेव्हाही शून्यच," ते म्हणाले. "'नाही' आणि 'सांगितलेलं नाही' यात ते फरक करत नाही. बिचाऱ्याला सोय नाही तशी. तू ग्रुपवर विचारलंस, कुणी बोललं नाही, तू शून्य धरलंस. पण त्या ग्रुपवर भिवंडीचं कोण आहे गं?"

कुणीच नव्हतं. ज्यांच्या हातात तो स्क्रीन होता, ते माझ्या ग्रुपवर नव्हतेच. मी विचारलं खरं, पण ज्यांना विचारायचं त्यांना नाही.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यात तोवर शिरलीच नव्हती. ही फंक्शन्स समोरच्या टर्मिनलला काहीच विचारत नाहीत. ती फाइल वाचतात. टर्मिनलचं नाव काय सांगितलंय ते बघायचं आणि त्या नावाची नोंद काढायची, बस्स. नाव चुकीचं दिलं तर उत्तरंही चुकीची, तीही अगदी आत्मविश्वासाने. म्हणून नोंद लिहिणाऱ्याने एकदा तरी ते यंत्र हातात घेतलेलं असावं लागतं. "तू घेतलंयस का हातात?" त्यांनी विचारलं.

गुळगुळीत वाक्य पुसलं. नवीन मेल लिहिला, सुपरवायझरला, आमच्या मॅनेजरला, आणि क्लायंटच्या मॅनेजरला सीसी. 'सोमवारच्या रात्री आकडे चुकीचे दिसले ते मी केलेल्या बदलामुळे. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची मोजणी बरोबर होती. चूक त्यांनीच लक्षात आणून दिली.' सेंड दाबताना हात थरथरत होता, हे कबूल.

त्या शनिवारी भिवंडीला गेले. तो माणूस भेटला, मुलाच्या बारावीचं टेन्शन घेतलेला, चेहऱ्यावर रात्रपाळीची झोप. फुली मारायचं राहून गेलं होतं, इन्सेंटिव्ह शाबूत होता. त्याने हँडहेल्ड माझ्या हातात दिला. विटेएवढा जड, कोपरे घासलेले, काचेवर ओरखडे. त्या टीचभर स्क्रीनवर मी माझ्याच प्रोग्रॅमची पाच खोकी काढली, आणि घाम फुटला. हातमोज्यांनी बटणं दाबायची, उजेड कमी, मागून फोर्कलिफ्टचा हॉर्न. तो म्हणाला, "ताई, आकडा वरच्या ओळीत आला तर बरं. खाली अंगठा येतो." इतकी वर्षं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. परत आल्यावर तो बदल पहिला केला. टेस्टमध्ये आता २० अक्षरांचा स्क्रीनही आहे.

रेटिंग कसं मिळालं? ठीकठाक. 'साफसफाई'चं वाक्य फॉर्ममधून गेलं, त्या जागी 'हँडहेल्डच्या स्क्रीनची चाचणी' आलं. दणदणीत नाही, पण खरं आहे.

तर मंडळी, या आठवड्याचा होमवर्क. तुमच्याही ऑफिसात कुठल्या तरी ग्रुपवर एक प्रश्न पडलेला असेल, ज्याला कुणी उत्तर दिलं नाही आणि तुम्ही 'म्हणजे चालेल' असं धरून पुढे गेलात. तो प्रश्न ज्याच्या कामाला भिडतो, अशा एकाला तरी फोन करा. आणि पहिलं वाक्य 'रिस्टार्ट करा' हे नको. आधी विचारा, तुमचा स्क्रीन केवढा आहे?

भेटू पुढच्या आठवड्यात!