महाराजाचा कागद कोण जपणार?

एअर इंडियाचा महाराजा तुम्हाला माहीत आहेच. पिळदार मिश्या, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, हे भलंमोठं नाक आणि कमरेत वाकून केलेलं स्वागत. आता पटकन सांगा, तो काढला कोणी? बहुतेक जण इथे जे. आर. डी. टाटांचं नाव घेऊन मोकळे होतात. खरं तर १९४६ मध्ये महाराजाची कल्पना बॉबी कुका यांची आणि हात उमेश राव यांचा. कुका विमान कंपनीची जाहिरात-प्रसिद्धी बघायचे, राव मुंबईत जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेत चित्रकार होते. विमानातल्या लेटरपॅडसाठी काढलेला हा गडी पुढे मासिकांच्या पानांवर आणि होर्डिंगवर जाऊन बसला आणि जगभर फिरला. कधी सुमो पैलवान झाला, तर कधी अमेरिकेच्या पोस्टरवर चक्क सशाचे कान लावून बनी. एका सरकारी कंपनीनं हे केलं होतं बरं का!

सध्या या जाहिरातींची क्रेझ आहे. कॅफेच्या भिंतीवर, फ्रिज मॅग्नेटवर, मित्राच्या कव्हर फोटोवर महाराजा दिसतो. चोरबाजारात जुन्या इंग्रजी साप्ताहिकांतून फाडलेली जाहिरातीची पानं फ्रेम करून विकायला असतात. छान दिसतात, घ्या खुशाल. पण ती सगळी छापील प्रत आहे. मला बोलायचंय ते चित्रकारानं ज्यावर ब्रश टेकवला त्या मूळ कागदाबद्दल. कारण माझं स्पष्ट मत आहे की जाहिरातीचं मूळ व्यंगचित्र हीसुद्धा कलाकृतीच, आणि आपण तिला रद्दी समजत आलो.

असं मूळ चित्र एकदा जवळून बघाच. ते बहुधा छापील जाहिरातीपेक्षा मोठं असतं, कारण छापताना लहान केलं की रेषा सफाईदार दिसते. खाली पेन्सिलचा कच्चा आराखडा डोकावतो. वर काळी शाई, आणि हात चुकला तिथे पांढऱ्या पोस्टर कलरचा थर. मजकुराचा तुकडा रबर सोल्यूशननं चिकटवलेला, त्याचा तपकिरी डाग पडलेला. वरून ट्रेसिंग पेपर, त्यावर ब्लॉकमेकरसाठी सूचना: इतकं लहान करा, इथे टिंट द्या, इथे कापा. कडेला जॉब नंबर. छापील पानावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त हसणारा महाराजा. त्याची मिशी जमेपर्यंत कोणाचा तरी हात किती वेळा अडला, हे या कागदावरच कळतं.

मग हे कागद टिकत का नाहीत? सोपं आहे. ब्लॉक तयार झाला की एजन्सीच्या दृष्टीनं चित्राचं काम संपलं. काही दिवस कपाटात, मग जागा हवी म्हणून बाहेर. चित्रकार पगारी नोकर, चित्रावर बऱ्याचदा सहीसुद्धा नाही. ‘पेंटिंग’ ती कला आणि ‘कमर्शियल’ ते पोटापाण्याचं, ही आपल्याकडची जुनी जातवारी. गंमत बघा, एअर इंडियानं स्वतः प्रभा, हुसेन, गायतोंडे अशा चित्रकारांची कामं घेऊन मोठा संग्रह उभा केला. १९६७ मध्ये साल्वादोर दालीकडून अ‍ॅशट्रे करून घेतला आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं! हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचंही ठरलं. आणि त्या संग्रहालाही गळती लागलीच होती. २०१७ मध्ये चित्रकार जतिन दास यांना कंपनीला दिलेलं आपलंच चित्र बाजारात विक्रीला आल्याचं कळलं, तेव्हा केवढा गहजब झाला. नावाजलेल्या चित्रकाराच्या कॅनव्हासची ही गत, तर बिनसहीच्या इलस्ट्रेशन बोर्डाला कोण विचारतो?

म्हणून मला संग्राहक आवडतात. होय, ते भाव वाढवतात, दिवाणखान्यात चित्र कोंडून ठेवतात, हे आरोप खरे आहेत. पण रद्दीच्या गठ्ठ्यातून कागद वेगळा काढणारा माणूस बहुतेकदा तोच असतो. माझी त्यांच्याकडे एकच मागणी: चित्राची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करून अभ्यासकांना बघू द्या. फ्रेममध्ये छान दिसावं म्हणून कडा आणि सूचना कापणारे लोक तर माझ्या डोक्यातच जातात.

हे फक्त जुन्याचं कौतुक नाही. माझ्या वयाचे किती तरी जण आज एजन्सीत इलस्ट्रेशन करतात. त्यांचं नाव कुठे येतं? काम एका फाइलमध्ये, फाइल कंपनीच्या सर्व्हरवर, नोकरी सुटली की लॉगिन बंद. उमेश राव यांचं नाव निदान राहिलं. आपल्या मित्रांचं राहील?

तुम्हाला जमवायला सुरुवात करायचीय? भिंग घ्या. छापील प्रतीत रंगाचे बारीक ठिपके दिसतात, मूळ चित्रात शाईचा सलग ओघ. कायद्याची भीती नको: पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, १९५०-६० चं चित्र त्यात बसत नाही. मात्र कागद तुमचा झाला म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही. नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. त्यामुळे टी-शर्ट छापायला बसू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! आपल्याकडे मार्कशीटपासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट होतं. इथे तो प्लास्टिकचा थर म्हणजे चित्राचा खून. आम्लरहित कागदात गुंडाळा, उन्हापासून लांब ठेवा.

ओळखीत कोणी निवृत्त कमर्शियल आर्टिस्ट असतील तर या रविवारी त्यांच्याकडे जाऊन या. माळ्यावरचा पोर्टफोलिओ काढायला मदत करा. चित्र हातात आलं की उलटं करून आधी मागची बाजू बघा. तारीख, जॉब नंबर, पेन्सिलीतलं एखादं नाव, जे काही असेल ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या.